राजेश्वरीच्या मेथीचा डबा

अंजनाचं माहेर म्हसवडचं. टँकरच्या रांगेत उभी राहून वाढलेली बाई ती. पाणी मावेल असं भांडं टाकून दे म्हटलं, तर ती एक वेळ नवरा टाकील, भांडं न्हाई. लग्न होऊन तासगावजवळच्या ह्या द्राक्षाच्या गावात आली त्याला चौतीस वर्षं झाली, चार एकर बाग झाली, घरावर स्लॅब पडला. तरी रिकामा डबा, फुटकी बादली, कान तुटलेला मग, काही म्हणून तिच्या हातून सुटलं नाही. सगळं मागं परड्यात.

आणि परडं तरी कसलं? एका कोपऱ्यात छाटणीच्या काड्यांचा ढीग, त्यात इंचवांची बिनभाड्याची वस्ती. दुसरीकडं मांडवाच्या गंजक्या तारेची भेंडोळी. मधी उघडा हौद. भिंतीला कण्हेर. आणि पत्र्याच्या छपरात नवऱ्याची औषधं. औषधं म्हणजे बागेवर फवारायची, खोकल्याची नव्हं.

नवरा लालासाहेब, फौजेतनं सुभेदार होऊन आलेला गडी. बाकी सगळं शिस्तीत, चहासुद्धा घड्याळ बघून प्यायचे. पण फवारून उरलेलं औषध ठेवायला त्यांना कोल्ड्रिंकची रिकामी बाटलीच लागायची. सगळं गाव तसंच करतं, त्यात काय?

त्यात काय ते दिवाळीत कळलं. सात वर्षांचा नातू शिवतेज खेळून तापून आला, छपरातली बाटली उचलली आणि टोपण फिरवायला लागला. सून अंकिता मागोमाग आली म्हणून निभावलं. अंकिता सांगलीला दवाखान्यात नर्स आहे. औषध पोटात गेलेली पोरं तिनं स्वतःच्या हातांनी उचलून खाटेवर ठेवलेली. ती ओरडली नाही का रडली नाही. बाटली काढून घेतली, पोराचे हात तीनदा साबणानं धुतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शिवतेजला आणि धाकट्या राजेश्वरीला घेऊन गेली.

आता मात्र तिच्या दवाखान्यातल्या पाळ्या बदलायला लागल्या होत्या. तिचा नवरा, म्हणजे अंजनाचा लेक ऋषिराज, सीमेवर. जूनपासनं पोरांना कुणाकडं तरी ठेवणं भागच होतं. एक तर इथं आज्जीकडं, नाहीतर औंधला अंकिताच्या आईकडं. औंधच्या विहीणबाईंचं अंगण सगळं फरशीचं, मुंगीसुद्धा पाय घसरून पडावी असं. अंजनाच्या मनात विहीणबाईंविषयी तसं वाईट काही नव्हतं. फक्त त्यांचं नाव निघालं की हातातलं पातेलं जरा जोरात आपटायचं.

अंकितानं फोनवर सरळ सांगितलं, की मे महिन्यात पोरं तीन आठवडे पाठवते, शेवटच्या रविवारी स्वतः येऊन परडं बघते, आणि मग शाळा कुठली ते ठरवते. अंजनानं फोन ठेवला आणि पदर खोचला.

पोरं यायच्या आधी काड्यांचा ढीग शेताच्या बांधाला गेला. तार भंगारात गेली. हौदावर लोखंडी जाळीचं झाकण बसलं, दोन माणसं उभी राहिली तरी हलणार नाही असं. विषारी म्हणून कण्हेर तोडली. शेजारणीनं देवाच्या फुलांचं काय म्हणून विचारलं, तर अंजना म्हणाली, माहेरच्या सिद्धनाथाला जास्वंद चालते, मी विचारलंय. राहिलं होतं ते छप्पर, आणि छपराचे मालक.

लालासाहेबांचं म्हणणं, की बाटल्या वरच्या फळीवर ठेवल्या की झालं. अंजनानं त्यांना चहा दिला, समोर बसली आणि विचारलं, "आवं, फौजेत बंदुका खाटंखाली ठिवत हुता का?"

"न्हाई. कोतमधी, हत्यारांच्या कोठीत."

"तितं काय असायचं?"

"कुलूप. पहारा."

"मग कुलूप तुमी आणा. पहारा मी करती."

चहा गार झाला, पण दोन दिवसांत जुनं लोखंडी कपाट छपरात उभं राहिलं. उरलेलं औषध बाटलीत ओतणं बंद. किल्ली अंजनाच्या कनवटीला.

पोरं आली. बेदाणा शेडवरची जुनी हिरवी जाळी बांधून अंजनानं परड्यात सावली केली. शिवतेजला जमिनीत भेंडीचा वाफा दिला. राजेश्वरी पाच वर्षांची, तिच्या बेताचं म्हणून आडव्या कापलेल्या दोन पांढऱ्या डब्यांत माती भरून मेथी लावून दिली. पाणी सकाळी एक मग, संध्याकाळी एक मग. आणि रोज सकाळी आधी हजेरी. आबा, म्हणजे लालासाहेब, कपाटातला एक डबा हातात धरून उभे राहायचे आणि त्यावरची विषाची खूण, टोकावर उभा चौकोन, दाखवायचे. कुणाचा लाल, कुणाचा पिवळा, कुणाचा निळा. आज्जी विचारायची, हा दिसला तर काय करायचं? पोरं दोन्ही हात पाठीमागं न्यायची. मग त्यात पेढे असले तर? तरी हात मागंच.

चौथ्या दिवशी मेथी वर आली. राजेश्वरीनं त्या दिवशी भाकरी डब्याशेजारी बसून खाल्ली. अंजनानं फोटो काढून अंकिताला पाठवला, आणि आपल्या हातून चुकून गेला असं दाखवत औंधलाही पाठवला.

शेवटच्या आठवड्यात गुरुवारी राजेश्वरीनं मेथीला पाणी घातलं नाही. शुक्रवारीही नाही. मेथी मान टाकायला लागली. अंजनानं आधी चिडवलं, की ही कामचुकार कुणावर गेली म्हणायची, आबांवर का आणि कुणावर. शिवतेज पाण्याचा मग घेऊन आला तर पोरीनं त्याचा सदरा धरून मागं ओढला. तेव्हा अंजना खाली बसली. काय झालं ते शांतपणे विचारलं.

"त्याला चौकोन हाय," राजेश्वरी म्हणाली. हात पाठीमागं.

"कशाला गं?"

पोरीनं हनुवटीनं डब्याकडं दाखवलं. अंजनानं वाकून बघितलं. वरचा कागद तिनंच खरवडून काढला होता. पण पाणी मुरून मुरून बुडाजवळची चिकटलेली मळी सुटली होती, आणि तिथं अर्धा पिवळा चौकोन उघडा पडला होता. दोन दिवस ती पोर आपली मेथी वाळताना बघत होती, पण हात लावत नव्हती, कारण आज्जीनं सांगितलं होतं.

डबे गेल्या वर्षीच्या औषधाचे होते. अंजनानं राखेनं घासलेले, तीन पाण्यानं धुतलेले, उन्हात वाळवलेले. गावात कुणाच्या परड्यात असला डबा नाही? आणि पाणी मावतंय त्यात. इतके दिवस तिनं सगळ्यांच्या चुका हुडकल्या, भिंतीची कण्हेरसुद्धा नजरेतनं सुटली नाही. आणि हे डबे तिनं स्वतःच्या हातानं नातीच्या पुढ्यात ठेवले होते. नशीब म्हणायचं, मेथी अजून खुडली नव्हती.

लालासाहेब म्हणाले, तेवढा तुकडा खरवडून टाक. परवा अंकिता येणार, मेथी दिसू दे.

अंजनानं हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. मेथी मातीसकट पोत्यात भरली. राजेश्वरी मोठ्यानं रडली. अंजनानं तिला उगी केलं नाही, रडू दिलं. मग छपरातनं पहार आणली.

रिकामा डबा पालथा घातला आणि पहार वर उचलली. तशीच थोडा वेळ उभी राहिली. म्हसवडच्या बाईनं धडक्या भांड्याला भोक पाडायचं म्हणजे काय असतं, ते तिचं तिलाच ठाऊक. मग घातली. डब्याचं बूड फुटलं. दुसऱ्याचंही फुटलं. तिथनं ती थांबलीच नाही. तुळशीखालचा डबा, कोंबड्यांच्या पाण्याचा, हौदावरचा मग म्हणून वापरायचा तो, धुण्याची पावडर भरलेला, असे चौदा निघाले. चौदाच्या चौदा फोडून पोत्यासोबत कपाटात टाकले आणि कुलूप लावलं. परडं एकदम ओकंबोकं दिसायला लागलं.

रविवारी अंकिता आली. चप्पल काढायच्या आधी मागं गेली. तिनं हौदाच्या झाकणावर उभं राहून बघितलं, कपाटाचं कुलूप ओढून बघितलं, भेंडीचा वाफा बघितला. मग म्हणाली, फोटोतली मेथी कुठाय?

लालासाहेबांनी घसा साफ केला आणि शेळीनं खाल्ली म्हणायला तोंड उघडलं. घरात शेळी नव्हती, ही अडचण त्यांच्या ध्यानात आली नसावी.

"मी औषधाच्या डब्यात लावली हुती," अंजना म्हणाली. "माज्या हातानं. ह्या पोरीनं वळखलं, म्या न्हाई. चौदा डबं निघालं घरात. सगळं फोडलं. आता तुला पोरं औंधला न्यायची तर ने, पर मी तुला खोटं सांगून ठिवून घेणार न्हाई."

अंकितानं राजेश्वरीला जवळ घेऊन विचारलं, की पाणी का घातलं नाहीस. पोरीनं सगळं सांगितलं, हातसुद्धा मागं करून दाखवले. सांगता सांगता परत रडायला आलं, मेथीसाठी.

मग अंकितानं पिशवीतनं मोबाइल काढला. औंधला फोन लावला. "आई, तुजं अळू कशात लावलंया गं?" पलीकडनं काय ते सांगितलं. अंकितानं डोळे मिटले. "तो डबा फोड. व्हय, आजच. हितल्या आईंनी फोडलं."

अंजनानं तोंड भिंतीकडं केलं, म्हणून तिथं काय उमटलं ते कुणाला दिसलं नाही.

फोन ठेवून अंकितानं त्याच पिशवीतनं शाळेच्या दाखल्याचे कागद काढले आणि सासऱ्यांच्या हातात दिले. "आबा, उद्या शाळंत द्या. पर कपाटाची किल्ली आईंकडंच राहू दे." सुभेदारांनी कागद घेतले, अगदी हुकूम आल्यासारखे ताठ उभे राहून.

दुपार उतरल्यावर अंजनानं स्वयंपाकघरातनं आपली जुनी पितळी परात आणली, लग्नात माहेरहून आलेली, काठाला तडा गेलेली. मेथीचे दाणे ओंजळीत घेऊन राजेश्वरीला हाक मारली. पोर आली, पण दाण्यांना हात लावला नाही. आधी दोन्ही हातांनी परात उचलली, पालथी घातली, बूड सगळीकडनं न्याहाळलं, आणि मगच आज्जीपुढं ओंजळ धरली.