कारण न लिहिलेली ओळ

काका गेल्यापासून माझ्या मावशीचं डोकं ठिकाणावर नाही आणि त्या भरात तिने डोळ्यांच्या हॉस्पिटलातला सगळा डेटा उडवला, अशी आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू ती नाकातून सांगतात, "अगं, एक बटण दाबलं नि सगळे पेशंट गायब." मी ही नक्कल मावशीला करून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "नाकात अजून थोडं."

खरं तर उलटं झालं होतं. मावशीने एकही नोंद जास्त पुसली नाही. एक कमी पुसली.

ती त्या हॉस्पिटलचा डेटाबेस सांभाळते, बरेचदा घरून, जेवणाच्या टेबलावर बसून. शाळा सुटली की मीही तिथेच पसरते, त्यामुळे तिचे धडे मला तिच्याच सुरात पाठ आहेत. ऑफिसातल्या तिच्या सहकाऱ्याला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याला ती फोनवर सांगते, "डिलीट करायच्या आधी तीच अट लावून सिलेक्ट चालव. काय जाणार ते डोळ्यांनी बघ, मग घालव. ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे कच्चा खर्डा, उघडल्याशिवाय हात लावू नकोस. आकडा जुळला तर कमिट, म्हणजे पक्कं. नाहीतर रोलबॅक, म्हणजे काही झालंच नाही. आणि प्रत्येक अटीच्या डोक्यावर कारण लिही, नाहीतर उद्या तूच विचारशील, हे कुठल्या गाढवाने लिहिलं."

काका होते तेव्हा ते स्वयंपाकघरातून घसा खाकरून हाक मारायचे, "बाईसाहेब, चहा गार होतोय." मावशी मान वर न करता म्हणायची, "आले. तू सुरू कर." काकांचा आवाज मला हुबेहूब जमतो. ते गेल्यापासून मी तो काढला नव्हता.

वारलेल्या पेशंटांच्या घरीही 'डोळे तपासायची वेळ झाली' असे मेसेज जात होते. एक बाई काउंटरवर येऊन रडल्या. मग मावशीने स्क्रिप्ट लिहिली, मृत म्हणून नोंद झालेल्यांच्या पुढच्या तारखा काढून टाकणारी. मेसेज थांबले. काकाही तिथलेच पेशंट, पण त्यांच्या फोनवर मात्र येत राहिले. तो फोन ती अजून चार्ज करून फ्रिजवर ठेवते. वाजला की हातातलं टाकून उठते.

परवा दुपारी शंकासुराचा फोन आला. "ताई, स्क्रिप्टमध्ये एक ओळ आहे. 'हा पेशंट नंबर सोडून.' वर कारण नाही. चाचणीची राहून गेली का?"

"बघते," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने त्या ओळीच्या वर दोन आडव्या रेघा मारल्या. कारण लिहायचं असलं की आधी त्या मारतात. पुढे नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

"काय लिहू गं?"

मावशीने मग रेघा पुसल्या आणि खालची ओळही पुसली.

शांत बसणं मला जमत नाही. म्हटलं, "पैज लाव. तू रोलबॅकच करणार. हरले तर तू सांगशील त्याची नक्कल."

"लावली."

तिने सिलेक्ट चालवलं. एकच नाव आलं. ते तिने मोठ्याने वाचलं, आडनावासकट, काउंटरवर पुकारतात तसं. मग डिलीट. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन ती स्क्रीनकडे बघत बसली, इतका वेळ, की मला वाटलं जिंकले.

तिने कमिट केलं.

"आता चहाला हाक मार," ती म्हणाली. "त्याच्यासारखी."

माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. गॅसपाशी उभी राहून घसा खाकरला.

"बाईसाहेब, चहा गार होतोय."

बाहेर की-बोर्ड वाजायला लागला.

"आले," मावशी म्हणाली. "तू सुरू कर."