बिनकामाची फेरी

डोमाजीच्या बापाने दारव्ह्यापासून नेरपर्यंतचा सारा मुलूख पायाखाली घातला, पण एकदाही स्वतःच्या मर्जीने नाही. कोणाचं ओझं, कोणाची चिठ्ठी, नाहीतर गावात कोणी मेलं की परगावच्या नातलगांना सांगावा. मौतीचा सांगावा न्यायचं काम त्यांच्या घराण्याकडेच होतं. अंगात ताप असो की नाल्याला पूर, निघायचं, अंगणाबाहेरून ओरडून सांगायचं आणि परत फिरायचं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर साऱ्या वस्तीने ठरवलं, हे काम बंद.

म्हणून अठ्ठावन्नच्या श्रावणात डोमाजी आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त भीमराज सायकलींवर नेरपर्यंत उगाच हिंडायला निघाले, तेव्हा त्या 'उगाच'ची डोमाजीला भारी ऐट होती. कापसाच्या जिनातल्या मजुरीतून घेतलेली जुनी सायकल त्याने आदल्या दिवशी दोनदा पुसली होती. त्याच्या सात पिढ्यांत बिनकामाने परगावी जाणारा हा पहिलाच.

वेशीवरच भगवानराव पाटलांनी हात आडवा केला. त्यांचे थोरले भाऊ सदाशिवराव पहाटे गेले होते. सदाशिवरावांची एकुलती एक लेक विमल नेरच्या अलीकडच्या गावी दिलेली.

"डोमा, तिकडंच चालला ना? विमलले सांगून दे. दुपारून मयत उचलू म्हणा."

डोमाजीच्या आधी भीमराज बोलला, "पाटील, ते काम आमी सोडलं. तुमचा गडी धाडा."

"अरे, वाटेवरच तर हाये!"

"वाटेवर हाये, पण आमी आमच्या कामानं चाललो."

"काय काम हाये?"

"काईच नाई," भीमराज म्हणाला, आणि त्याने पायडल मारलं.

भगवानरावांच्या घरी तीन गडी होते, घोडी होती. पण घरचा माणूस सांगावा घेऊन गेला तर नाक कापलं जातं ना! जाईल डोमा, कुठे जातो न सांगता, असं म्हणून ते स्वस्थ घरात गेले.

पाऊस लागला. भीमराज मोठमोठ्याने गात होता. डोमाजी एरवी त्याच्याही वर आवाज चढवायचा, आज त्याला सूर सापडेना. भीमराजचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. तरी ती सायकल त्याला ओझ्याची वाटू लागली.

नेरच्या अलीकडे काळ्या मातीने दगा दिला. मडगार्डात चिखल गच्च बसला आणि चाक फिरेना. दोघं रस्त्याकडेला काडीने चिखल उकरत बसले असताना डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली एक बाई गवताचा भारा घेऊन आली आणि थबकली.

"अगं बाई! डोमाजी न तू? आमच्या गावचा?"

विमलच ती. माहेरचं माणूस बघून तिचं तोंड फुलून गेलं.

"बाबाचा खोकला बसला का रे? पोळ्याले येऊन राह्यली म्हणा मी."

भीमराजने डोमाजीकडे रोखून पाहिलं. डोमाजीने काडी टाकली.

"ताई, आताच निघा. सदाशिवराव पहाटे गेले."

भारा तिथेच पडला. घर रस्त्यालगत होतं. नवऱ्याने बैल जुंपले तोवर रडत रडत विमल परत आली, ती ओंजळभर ज्वारी घेऊन. सांगावा आणणाऱ्याला रिकाम्या हाताने धाडू नये, ही रीत तिच्या हातांना शोकातही आठवली.

"घे, डोमाजी."

"ताई, मी सांगाव्यासाठी नाई आलो. हिंडाले आलतो."

तिला ते कळलंच नाही. ज्वारी दगडावर ठेवून ती गाडीत बसली.

"नेलाच शेवटी," भीमराज म्हणाला.

"तिच्या तोंडावर खोटं बोलू काय?"

"खोटं बोल म्हटलं का मी? पण आज तू सांगतलं, उद्या साऱ्या वस्तीले धाडतीन."

नेर चार मैलांवर होतं. दोघं तिथूनच माघारी वळले, एकामागे एक.

विमलला बापाचं तोंड दिसलं. आणि गावात बोललं गेलं, 'डोमानं नेला की सांगावा! उगाच अकड दाखवत होते.'

पंधरा दिवसांत गावातली एक म्हातारी गेली. तिची लेक दिग्रसकडे दिलेली. पाटलाचा गडी थेट डोमाजीच्या दाराशी आला. "त्या दिवशी गेलताच ना? आता तर सायकल बी हाये."

"नाई जात," डोमाजी म्हणाला. या वेळी स्वतःच्या तोंडाने म्हणाला.

दुसरं कोणीही गेलं नाही. टपालाने कळलं तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. लेक आली ती थंड राखेपाशी. तिचा आक्रोश वस्तीपर्यंत ऐकू येत होता आणि डोमाजीच्या ताटातली भाकर तशीच राहिली होती.

भीमराज येऊन जवळ बसला. "बरोबर केलं तू."

"बरोबरच केलं," डोमाजी म्हणाला. "पण ती लेक रस्त्यात भेटली असती तर मी सांगतलं असतं रे. भेटली नाई, येवढंच तिचं चुकलं."