होडी नव्हे, यॉट

थोरल्या भावाने यॉट घेतली आणि सातपाटीत पहिला नियम लागू झाला: तिला होडी म्हणायचं नाही. "होडी मासे मारायला. ही यॉट हाय," असं तो ज्याला त्याला सुनवायचा. बोईसरच्या कारखान्यांना माणसं पुरवायचा ठेका घेऊन त्याने पैसा केला होता. मासेमाराच्या घरात जन्मून आयुष्यात कधी जाळ्याला हात लावला नाही, पण तोरा असा की जणू दर्या त्याने बांधून घेतलाय. ती यॉट तो गावात आणूही शकला नाही. आमची खाडी ओहोटीला कोरडी पडते आणि यॉटचा तळ खोल, ती चिखलात आडवी झाली असती. म्हणून यॉट गोव्यात आणि गावात नुसते तिचे फोटो.

मग त्याने लक्षद्वीपला जायचं काढलं. मुंबईचे दोन मित्र, त्यांच्या बायका, एक पगारी कप्तान आणि कालवण बरं करतो म्हणून मी. मी सरावलीला राहतो, तिथल्या कारखान्यातून रजा काढली.

आईने जन्मभर पालघरच्या बाजारात मासळी विकली, पण दर्यात ती कधी गेली नव्हती. आमच्या घरात बायका होडीवर चढत नसत. तिने आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, ते त्या दिवशी मागितलं. "मना पन ने रं. किनारा दिसेनासा व्हतो तवा कसं दिसतं, तेवढं बगायचं हाय."

"आई, होडीवर बाई चढली का दर्या कोपतो. आपली रीत हाय," भाऊ म्हणाला.

म्हणजे आईपुरती ती होडी झाली. गोव्याच्या धक्क्यावर मित्रांच्या बायका चढू लागल्या तेव्हा मी विचारलं, "आता नाय का कोपत दर्या?"

"ही यॉट हाय," तो म्हणाला. चेहऱ्यावर लाज नावालाही नव्हती.

शीड फोटोपुरतं वर गेलं, बाकीची वाट इंजिनाने कापली. मासेमाराचा हा मुलगा पांढरी टोपी घालून बादलीत ओकायचा, जरा बरं वाटलं की तोंड पुसून मोबाइलसमोर उभा राहायचा आणि समुद्राशी आपलं जुनं नातं सांगायचा. मला त्याची कीव नाही आली, किळस आली. शेवटी बेटं दिसली. इवलीशी, माडांनी भरलेली, आणि पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसत होती. मी पाहतच राहिलो. "हे तं आपल्या केळव्याच्या किनाऱ्यासारखंच हाय," असं म्हणून भाऊ फोनला रेंज शोधायला गेला.

परतल्यावर त्याने आईच्या हातात काय ठेवलं, तर तिथली सुकी मासळी. जन्मभर अंगणात बोंबील वाळवलेल्या बाईला. तिने वास घेतला, पुडकं फळीवर ठेवलं आणि विचारलं, "किनारा दिसेनासा झाला तवा कसं दिसत व्हतं?"

"कसं दिसनार? पानीच पानी," म्हणत त्याने व्हिडिओ लावून फोन तिला दिला आणि तो बाहेर गेला.

पडदाभर त्याचंच तोंड होतं. कानाशेजारी तेवढी निळ्या पाण्याची चिंधी दिसत होती. आई बराच वेळ बघत बसली. मग मान वाकडी करून फोनच्या कडेने त्याच्या मागे डोकावू लागली, आणि त्या फोनमधल्या मुलाला हळूच म्हणाली, "जरा बाजूला सर रं."