काल्याचा मान आणि नमुना क्रमांक एक

समस्त ग्रामस्थ, पाहुणेरावळे आणि माझं तोंड कधी बंद होईल याची वाट पाहणारे सर्व हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, माझं पित्ताशय आता माझ्याजवळ राहिलेलं नाही. ते सोलापूरच्या एका दवाखान्यात काढण्यात आलं. त्यात तीन खडे होते आणि त्या खड्यांच्या आडोशाला काही भाडेकरू राहत होते. या भाडेकरूंची सविस्तर वंशावळ पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं लिहून काढली आहे. माझी स्वतःची वंशावळ पणजोबांपाशी अडते. त्यांची बरीच मागे जाते.

आमचं गाव ढोकीपासून फार लांब नाही. माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, पण गावात माझी ओळख वेगळी आहे. देवळाच्या कर्ण्यावरून जे काही सांगायचं असतं ते मी सांगतो. लाइट कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, पोलिओचा डोस कुठं आहे. साधी गोष्ट साधेपणानं सांगणं मला जमत नाही. म्हैस सुटल्याची बातमीसुद्धा मी अशी देतो की लोक हातातलं काम टाकून ऐकतात.

आमच्या गावचा सप्ताह दत्तजयंतीला संपतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, मग काल्याचा प्रसाद, मग गावजेवण. काला म्हणजे लाह्या, दही, काकडी, मिरची, लोणचं, मीठ, सगळं एका मोठ्या घंगाळात हातानं कालवायचं. पळी, उलथनं काही चालत नाही. हा कालवण्याचा मान आमच्या घराकडे आहे. वडिलांनंतर तो थोरल्या भावाकडे गेला आणि तिथं चांगला अठरा वर्षं बसला. ही गोष्ट घडली त्या वर्षी भावाचा खांदा धरला आणि मान माझ्याकडे आला. भावाच्या खांद्याचं मला दुःख झालं, पण ते दुपारपर्यंत टिकलं नाही.

त्या दिवशी मी उत्साहानं इतका भरून आलो होतो की पहाटेपासून तीनदा टमरेल घेऊन जाऊन आलो. प्रत्येक वेळी पुन्हा आंघोळ केली, पुन्हा सोवळं नेसलो. साबण मात्र नाही. साबणात चरबी असते, म्हणून सोवळ्यात साबण चालत नाही, हा आमच्या घरचा नियम. नुसत्या पाण्यानं पवित्र होऊन मी घंगाळात कोपरापर्यंत हात घातला आणि अख्ख्या गावासाठी काला कालवला. लोक म्हणाले, चव उतरलीय हातात.

चव आणखी कशाची होती ते कळायला दोन आठवडे गेले.

आधी तीन घरांत ताप आला, मग सात, मग मोजणं सोडून दिलं. उतरायचं नाव नाही. संध्याकाळी चढायचा, जीभ पांढरी, पोट बिघडलेलं. जुनी माणसं म्हणाली, हा मुदतीचा ताप. ढोकीच्या डॉक्टरांनी टायफॉईड म्हणून नेहमीच्या गोळ्या दिल्या, सलाईन लावलं. ताप त्या गोळ्यांकडे बघेना. शेवटी जिल्ह्याहून आरोग्य खात्याची एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं रक्त घेऊन बाटल्यांत जंतू वाढवले आणि त्यांच्यावर एकेक औषध लावून पाहिलं. बरीच औषधं त्या जंतूनं आधीच पचवलेली निघाली. जे एक-दोन उरलं त्यानं गाव हळूहळू उठून बसलं. मेलं कुणी नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर मला हे असं सांगता आलं नसतं.

आता प्रश्न एकच, हे आणलं कुणी? गावाला उत्तर माहीत होतं. स्वयंपाकवालीनं.

ही स्वयंपाकवाली मावशी शेजारच्या गावची. साठीच्या आसपास, अंगानं काडी, आवाजानं ढोल. चार बायका बरोबर घेऊन आमच्या पट्ट्यातले सगळे सप्ताह आणि लग्नं तीच रांधायची. संशय आधी कुणी घेतला ते ठाऊक नाही, पण त्याला सूर, ताल आणि अभिनय मी दिला. दुकानापुढं दोन पोरं जमली तरी मी मावशी कमरेला पदर खोचून आमटीत हात कसा बुडवते ते करून दाखवायचो. प्रयोग रंगायचा. आठवड्यात मावशीची तीन लग्नं मोडली. म्हणजे लग्नं झाली, स्वयंपाक दुसऱ्यानं केला. माघापासून पुढची सुपारी कुणी देईना. बरोबरच्या दोन बायका ऊसतोडीला निघून गेल्या.

एक दिवस मावशी थेट दुकानात आली. गिऱ्हाईक होतं, तरी थांबली नाही.

“दादा, नक्कल लई चांगली करता म्हनं माझी.”

मी म्हणालो, “मावशी, गाव बोलतंय ते मी बोललो.”

“गावाला तोंड तुमीच दिलंया. माझी आमटी दोन तास उकळत व्हती. तिच्यात बोट घातलं असतं तर बोट शिजलं असतं, ताप कसला जगतोय त्यात? म्या कुनाच्या दारात जाऊन सांगू हे? तुमच्याकडं कर्णा हाय, माझ्याकडं काय हाय?”

मी तिच्यासाठी चहा मागवला. तिनं तो घेतला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र गावाचं फक्त ऐकून घेतलं. त्यांनी एक यादी केली. ज्यांनी स्वयंपाक केला, ज्यांनी वाढलं, ज्यांनी पाणी भरलं, त्या सगळ्यांनी शौचाचा नमुना डबीत द्यायचा. ताप नसला तरी. काही माणसं धडधाकट दिसतात आणि जंतू पोटात बाळगून असतात, असं त्यांचं म्हणणं. शाळेत टेबल मांडलं, डब्या मांडल्या आणि कुणीही पुढं होईना. बाया पदराआड हसतात, बाप्ये भिंत बघतात.

यादीत माझं नाव नव्हतं. काला हा प्रसाद. तो स्वयंपाकात येतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मावशीच्यासुद्धा नाही. पण गावात कुठल्याही गोष्टीचा पहिला मान आमचा, आणि इथं तर पहिला मान घ्यायला कुणीच तयार नाही! मी माइक घेतला. “ग्रामस्थहो, यात लाजण्यासारखं काही नाही. पहिली डबी आमच्या घराण्याची! बाई, लिहा, नमुना क्रमांक एक!”

टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, “काका, तुम्ही यादीत नाही.”

“मग घाला यादीत.”

त्यांनी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती डबी दोन्ही हातांनी, प्रसादाच्या ताटासारखी, टेबलावर नेऊन ठेवली. माझ्या मागून सगळे आले. मावशी अकरावी.

पुढं सहा-सात आठवडे काही कळलं नाही. उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं जात राहिले आणि मावशी घरी बसून राहिली. मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी मला आरोग्य उपकेंद्रात एकट्याला बोलावलं. मी गेलो तो सत्काराच्या तयारीनं. बायको बरोबर होती, तिला तिच्या गुडघ्याच्या गोळ्या हव्या होत्या.

बाईंनी दार लोटलं आणि टेबलावर एक कागद पसरला. त्यावर आडवं पडलेलं झाड होतं, फांद्यांच्या टोकांना नुसते आकडे.

“काका, जंतूच्या पोटात त्याची पोथी असते. सुमारे अठ्ठेचाळीस लाख अक्षरांची. एका जंतूचे दोन होताना पोथीची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. पुण्यात या सगळ्या पोथ्या वाचल्या. कुणाची चूक कुणाशी जुळते ते पाहिलं की नातं कळतं.”

मला एकदम समजलं. आमच्याकडं कर्नाटकातून हेळवी येतात, नंदीबैल घेऊन. दारात बसून घराण्याची वंशावळ वाचतात, कोण कुणाचा, कुठली शाखा कुठून फुटली. हा जंतूंचा हेळवी होता. मी खूश होऊन विचारलं, “मग मावशी कुठल्या फांदीवर?”

“त्या या झाडावरच नाहीत. त्यांच्या आणि त्यांच्या बायकांच्या डब्यांत काहीच सापडलं नाही, पुन्हा तपासलं तरी.” मग त्यांनी पेन खोडापाशी ठेवलं. “तापकरी सगळे या एका फांदीवर आहेत, जवळजवळ एकसारखे. आणि या एका डबीत ती फांदी आहेच, शिवाय त्याच घराण्याच्या आणखी दोन शाखा आहेत. म्हणजे या माणसाकडे जंतू बरीच वर्षं राहतोय, बहुतेक पित्ताशयात, आणि त्यातली एकच शाखा बाहेर पडली.”

पेनाखाली आकडा होता, एक.

मी कागद फिरवून पाहिला, आकडा तोच.

चार वर्षांपूर्वी मला ताप आला होता. गोळ्या सात दिवसांच्या होत्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. पुढं कुणालाही कणकण आली की त्यातली एक-एक वाटत होतो. हेही मी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, “त्या डब्यामुळेच जंतू औषधाला दाद देईनासा झाला असं मी म्हणणार नाही. हा तुमच्याकडे तसाच आला असेल. पण डबा आजच टाका. घरी स्वयंपाकात हात लावता का तुम्ही?”

यावर बायको इतकी हसली की गुडघा विसरली. “यांनी? लग्नाला सव्वीस वर्षं झाली बाई, यांनी अजून स्वतःचं पाणी स्वतः घेतलं न्हाय!”

“म्हणूनच घर वाचलं,” बाई म्हणाल्या. माझ्या आळसाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

मग त्या गंभीर झाल्या. “उद्या गावसभेत मी स्वयंपाक करणाऱ्या निर्दोष आहेत एवढं सांगेन. तुमचं नाव किंवा नंबर माझ्याकडून बाहेर जाणार नाही. तो तुमचा खासगी प्रश्न आहे.”

रस्त्यात बायको म्हणाली, “गप बसलात तरी चालंल म्हनत्यात त्या.”

“हं.”

“मावशीला मग बोलावतील का पण कुनी?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

सभा देवळापुढं भरली. मावशीला निरोप गेला होता, ती मागं खांबाला टेकून उभी होती. बाईंनी कबूल केल्याप्रमाणे स्वयंपाक करणाऱ्या निर्दोष असल्याचं सांगितलं. सप्ताह कमिटीतला एक जण लगेच उठला. “मग कुनाचं हाय ते सांगा की. न्हायतर आमी यंदा दुसरी बाई बघनार. उगं इषाची परीक्षा कशाला?” माना हलल्या. मावशीनं पदर सावरला आणि वळली, निघायलाच.

माइक माझ्या हाताजवळ होता. खरं सांगायचं तर मला आतून काही पाझर वगैरे फुटला नाही. एवढंच दिसलं की ही बाई निघून गेली तर परत येणार नाही, आणि तिला घालवायचा प्रयोग माझाच होता. तो मलाच उतरवायला हवा होता.

“ग्रामस्थहो,” मी म्हणालो, “नमुना क्रमांक एक.”

तेवढं पुरलं. नंबर सगळ्या गावाला पाठ होता. पहिल्यांदा थोरला भाऊ उठून बसला, मग कुणीतरी हसलं, मग कुणीच हसेना. मी पुढं बोलत गेलो. काला, सोवळं, साबण, डबा. नेहमीसारखे हातवारे झाले, ते मला थांबवता आले नाहीत. शेवटी म्हणालो, मावशीची आमटी स्वच्छ होती, तिची नक्कल मी केली, तर माफीही सगळ्यांसमोर मीच मागतो. आणि पहिल्या मानाचा नारळ आज तिला.

नारळ तिथंच फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा बोटांनी काढून, कमरेत वाकून, मी तो मावशीपुढं धरला. सारं गाव बघत होतं. तिनं तुकड्याकडं पाहिलं, मग माझ्या बोटांकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरून ओरडली, “मान-बिन ऱ्हाऊ द्या वो दादा, आदी हात धुवून या!”