मुखपृष्ठावरचा अरफज

माझ्या नवऱ्याला फोटोंचं वेड लागलं ते चेरीच्या फुलांमुळे. त्याच्या बँकेतला एकजण जपानला जाऊन आला आणि पहाटेच्या उजेडातल्या त्या गुलाबी झाडांचे फोटो त्याने ग्रुपवर टाकले. आठ दिवसांत आमच्या कुवेतमधल्या, रिग्गईच्या फ्लॅटमध्ये मोठा कॅमेरा आणि तीन लेन्स आल्या. "पुढच्या वर्षी आपणही जाऊ," म्हणाला. पुढच्या वर्षीची रजा नणंदेच्या लग्नात गेली, त्याच्या पुढची सासऱ्यांच्या मोतीबिंदूत. कॅमेरा कपाटात राहिला. आखातात नोकरी करणाऱ्याची रजा गावाकडच्यांच्या मालकीची असते, हे ठाऊक असून आम्ही दरवर्षी जपानच्या विमानांचे दर बघत बसायचो.

मग एका हिवाळ्यात बरा पाऊस झाला. मार्चमध्ये, मी नर्स आहे त्या वॉर्डातल्या एका कुवेती सिस्टरने सांगितलं की यंदा अरफज फुललाय. अरफज म्हणजे वाळवंटातलं गुडघ्याएवढं झुडूप. एरवी चुलीत घालाव्यात अशा काटक्या, पण पाऊस झाला की बारीक पिवळ्या फुलांनी भरतं.

"चेरी नाही तर अरफज. चला," मी म्हणाले.

शुक्रवारी पहाटे साडेचारला निघालो. मुलगी मागच्या सीटवर झोपलेली. खैरानच्या रस्त्याला एका ठिकाणी गाडी आत वाळवंटात घातली. कुवेती लोक हिवाळ्यात हौसेने ठोकतात ते तंबू नुकतेच हलले होते. कोळसे, प्लास्टिकचे पेले आणि टायरच्या खुणा मागे राहिल्या होत्या. गार वारा सुटला होता. नवऱ्याने गाडीतूनच दोन-चार फोटो काढले, स्क्रीनवर पाहिले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "सगळं सपाट येतंय. तू बघ काही जमतंय का. मी चहा घेतो." आणि काच वर केली.

मी कॅमेरा घेऊन उतरले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण अठरा वर्षं मी सुया टोचतेय. सुजलेल्या हातात शीर सापडत नसेल तर दिवा समोरून धरायचा नाही, बाजूने धरायचा. मग शीर आपोआप उठून दिसते. टायरच्या खुणेच्या कडेला एक झुडूप चाकाखालून वाचलं होतं. सूर्य वर येईपर्यंत मी वाळूत पोटावर पडून राहिले. उजेड बाजूने आला आणि एकेक फूल वेगळं झालं. मी फोटो काढला. एकच. तो चांगला आलाय हे मला तिथेच कळलं, आणि इतका आनंद झाला की मी एकटीच हसत सुटले.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी फोटो मागवले होते. मी रात्रपाळीत, एक सलाईन संपून दुसरी लावायच्या मधल्या वेळात, फोनवर फॉर्म भरला. पहिला रकाना 'सभासदाचे नाव'. घरातले सगळे फॉर्म मीच भरते: शाळेचे, विम्याचे, सिव्हिल आयडीचे. बोटांना सवय झालेली. मंडळाचा सभासद नवरा. मी आणि मुलगी त्याच्याखाली 'कुटुंबीय'. मी त्याचं नाव टाकलं आणि पाठवून दिलं. फोटो काढणाऱ्याचं नाव विचारणारा रकानाच नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

फोटो मुखपृष्ठावर आला. कोपऱ्यात नवऱ्याचं नाव. मी म्हटलं, ठीक आहे, कार्यक्रमात तो सांगेल.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. त्याचं नाव पुकारलं, तो स्टेजवर गेला, शाल-श्रीफळ घेतलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, "इतका सुंदर फोटो कसा टिपलात?" मी खुर्चीच्या काठावर आले. माझ्याकडे हात करील म्हणून मी पदरसुद्धा सारखा केला. त्याने माइक घेतला आणि सांगितलं की पहाटे गार वाऱ्यात अर्धा तास वाळूत पोटावर पडून राहावं लागलं. उजेड बाजूने घ्यायचा असतो, म्हणाला, हीच तर खरी कला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारची म्हणाली, "वहिनी, तुमची मजा आहे हो, घरातच कलाकार!" मला तिच्याच अंगावर धावून जावंसं वाटलं.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "अहो, सांगायचं तरी."

"काय सांगायचं? नाव तर तूच लिहिलंस."

 आपण खोटं बोलतोय असंही त्याला वाटत नव्हतं, याची मला जास्त चीड आली. कॅमेरा त्याचा, गाडी त्याची, सभासद तो. फोटो मग आणखी कोणाचा असणार?

गेल्या महिन्यात मुलीला शाळेत कुवेतच्या राष्ट्रीय फुलावर, म्हणजे अरफजवर, प्रोजेक्ट होतं. तिने स्मरणिकेचं मुखपृष्ठ कापून चार्टवर चिकटवलं आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं की हा फोटो माझ्या वडिलांनी काढला आहे. मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली.

"हा फोटो मी काढलाय, बाळा."

"नो मम्मा. बाबांचं नेम प्रिंट झालंय ना इथे."

"झालंय. पण काढलाय मी. तू गाडीत झोपली होतीस."

तिने माझ्याकडे पाहिलं, खोटं कोणी बोलत असलं की ती पाहते तसं. मग मान वळवून सोफ्याकडे बघत विचारलं, "बाबा, इज इट ट्रू?"

जिला मी पोटात वागवलं आणि बारा वर्षं वाढवलं, तिला माझा शब्द पुरला नाही. मी नवऱ्याकडे पाहत राहिले. अजूनही वेळ गेली नव्हती; एका 'हो'वर मी सगळं विसरले असते.

त्याने फोनमधून डोकं वर काढलं आणि हसून म्हणाला, "हो गं, बटण आईनेच दाबलं होतं."

मुलीचं समाधान झालं. तिने पेन उचललं आणि वडिलांच्या नावाखाली, कंसात, माझ्यासाठी एवढी ओळ लिहिली: बटण दाबायला आईने मदत केली.