माझ्या खात्यातून गेलेलं पत्र

"मोठ्याने वाच," सर म्हणाले.

कागद माझ्या हातात होता. प्रिंटरमधून आत्ताच काढलेला, कडेच्या भोकांच्या पट्ट्याही अजून फाडलेल्या नव्हत्या. डोंबिवली पूर्वेला, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास. आठ मशीन, वीस मुलं-मुली. आणि त्या दिवशी दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या केदारच्या आई. केदार आमच्याच बॅचचा. तो की-बोर्डकडे बघत होता.

मी वाचलं नाही. सरांनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच वाचायला लागले.

"केदार, माझं तुझ्यावर लई प्रेम हाय. आमच्या लोकांना समदं कोट्यातून मिळतं. तू पण कोट्यातून मिळशील का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. पत्राच्या वर माझा ईमेलचा पत्ता. खाली माझं नाव. पत्र केदारला, आणि कॉपी अख्ख्या बॅचला.

"मी नाही लिहिलं," मी म्हणाले.

"मग तुझ्या खात्यात भूत शिरलेलं?"

केदारच्या आई उठल्या. जवळ आल्या नाहीत, तिथूनच बोलल्या. आवाज एकदम शांत. "हे बघ, शिकायला मिळतंय ना, मग शिक. तुम्हा लोकांना सवलती दिल्या, तर आता आमच्या घरापर्यंत यायला लागलात."

त्या क्लासमध्ये सवलत नव्हतीच. फी मी माझ्या पगारातून भरलेली, सगळ्यांएवढीच. पण ते तेव्हा तोंडातून निघालं नाही.  मी उभी होते आणि माझे कान तापलेले, एवढंच आठवतं.

ही नव्याण्णव सालची गोष्ट. मी एकवीस वर्षांची. आम्ही बौद्ध, ठाकुर्लीला चाळीत राहायचो. वडील रेल्वेत, रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये. मी डोंबिवलीच्या इंडस्ट्रियल एरियात एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये बाटल्यांवर लेबलं लावायचे. सकाळी आठ ते चार. मग साडेचारच्या बॅचला क्लास. कपड्यांना केमिकलचा वास यायचा म्हणून पिशवीत दुसरा ड्रेस ठेवायचे. संडासात बदलायचे. शेजारी बसणारीने रुमाल नाकाला लावू नये म्हणून.

ईमेल हा शब्दच आमच्यासाठी नवा होता. क्लासमध्ये इंटरनेट एकाच मशीनवर. फोनची लाइन जोडायची, ते खरखरायचं, मग लागायचं. सरांनी सगळ्यांची खाती काढून दिली आणि मशीनशेजारी दोरीने एक वही बांधली. "पासवर्ड इथे लिहून ठेवा. विसरलात तर डोकं माझं खाता." आम्ही लिहिले. वीस जणांनी, एकाखाली एक. मी आईचं नाव आणि खोलीचा नंबर लिहिला. कोणी विचारलं नाही, कशाला लिहायचं. सर सांगतायत म्हणजे बरोबरच असेल.

त्या दिवशी सगळे गेल्यावर सरांनी मला थांबवलं. कोरा कागद पुढे केला. "माफीपत्र लिही. चूक झाली, पुन्हा होणार नाही. सही कर. मी काकूंना दाखवतो, विषय संपला."

"सर, पण मी लिहिलंच नाही."

"पत्र सोमवारी रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी गेलंय. त्या वेळी क्लास बंद असतो. म्हणजे तू बाहेर कुठल्यातरी कॅफेतून पाठवलंस."

सोमवारी रात्री अकराला मी झोपलेले. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, आई आणि धाकट्या बहिणीच्या मध्ये. पण ते सिद्ध कसं करू? आईला साक्षीला आणू?

"दोन-चार दिवस विचार कर," सर म्हणाले. "कोर्सचे दोनच महिने राहिलेत तुझे."

घरी सांगितलं. वडिलांनी जेवण थांबवलं. "तू लिहिलंस?"

"नाही."

ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "सही करून टाक, बाई. सर्टिफिकेट घे. एकदा नोकरी लागली की कोण विचारतंय."

वडील भित्रे नव्हते. पण माझं नाव एका मुलाबरोबर कागदावर छापून आलेलं, ते चाळीपर्यंत येईल याची त्यांना धास्ती. माझा खूप संताप झाला त्यांच्यावर. आज वाटतं, त्यांनी आयुष्यभर अशाच सह्या करून आम्हाला वाढवलेलं असणार. कुठे कुठे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी मात्र संशय घ्यायला लागले. सगळ्यांचा. क्लासमध्ये जो हसला त्याचा, जो हसला नाही त्याचा जास्त. पाणी प्यायला उठले तरी वाटायचं, मागे माझ्याबद्दलच चाललंय. आणि सगळ्यात आधी संशय घेतला तो वंदनाचा. वंदना खाडीकडच्या कोळीवाड्यातली. झेरॉक्सच्या दुकानात कामाला. माझ्याच बॅचची, क्लासमधली माझी एकुलती एक मैत्रीण. माझा पासवर्ड मी वहीत लिहायच्या आधी तिला तोंडी सांगितलेला.

जिन्यात गाठलं तिला. "तू केलंस का?"

ती पायरीवर थांबली. मग म्हणाली, "काय गो, माझ्यावर शक घेतेस? इंग्लिश अक्षरातलं मराठी मला धड वाचता येत नाय. तू वाचून दाखवतेस मला. इसरलीस?"

खरं होतं. तेव्हा ईमेलमध्ये मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं. वंदनाला एक ओळ टाइप करायला पाच मिनिटं लागायची. ती निघून गेली. मी जिन्यात तशीच. मला स्वतःची लाज वाटली. ज्याने माझ्या नावावर घाण टाकली त्याला सोडून मी माझ्याच माणसाच्या अंगावर गेलेले.

सरांनी टेबलावर टाकलेला पत्राचा कागद मी पिशवीत घालून आणलेला, त्या रागात तो पुन्हा काढला. पहिल्यांदाच नीट वाचला. मी 'आहे' लिहिताना 'आ'साठी इंग्रजी 'ए' एकदाच टाकायचे. हे पत्र लिहिणारा 'हाय' आणि 'आमच्या' लिहिताना प्रत्येक ठिकाणी दोन 'ए' टाकत होता. आणि 'समदं'. माझ्या घरात कोणी 'समदं' म्हणत नाही. माझी आई म्हणत नाही, आजी म्हणत नव्हती. आम्ही असं बोलत असणार, असं ज्याला वाटतं त्याने ते लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले नाही. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. पहिल्यांदा पासवर्ड बदलला. मग भीती वाटली, बदललेला लागतोय का. म्हणून स्वतःलाच एक पत्र पाठवलं. आलं. भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. पत्रावर वेळ होती पहाटे पाचची.

मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. पुन्हा पाठवलं. घड्याळात पाच पस्तीस. पत्रावर पहाटेचे पाच वाजून पाच मिनिटं. कॅफेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "अरे ते अमेरिकेचं टाइम हाय. कंपनी तिकडची ना."

साडेबारा तासांचा फरक. मी बोटांवर मोजलं. मग कागदावर मोजलं. तिकडची सोमवारची रात्र अकरा पाच, म्हणजे आपल्याकडे मंगळवार सकाळ. अकरा पस्तीस.

मंगळवारी सकाळी अकरा पस्तीसला मी लॅबमध्ये होते. माझं कार्ड आठला पंच झालेलं आणि चारला पंच झालेलं. आणि त्या वेळी क्लास उघडा असतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून कार्ड मागून घेतलं आणि आधी वंदनाच्या दुकानात गेले. काउंटरवर गर्दी होती, तरी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी चूक झाली. तुझ्यावर संशय घ्यायला नको होता." तिने माझं पंच कार्ड हातातून घेतलं, झेरॉक्स काढली, दोन काढल्या. मग म्हणाली, "नेटच्या मशीनला रजिस्टर हाय ना? बसणाऱ्याची सही घेतात."

गेलो दोघी. सर क्लास घेत होते. रजिस्टर टेबलावरच होतं. मंगळवार. साडेअकरा ते बारा. सही केदारची. शेजारी सरांची सही.

मी ती दुसरी सही बघत बसले. पहिलीपेक्षा जास्त वेळ.

म्हणजे सरांना ठाऊक होतं. ईमेलची वेळ तिकडची असते, हे त्यांनीच शिकवायचं ना आम्हाला? मंगळवारी मशीनवर कोण होतं, त्याच्याशेजारीही त्यांचीच सही. तरी त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवलेला.

क्लास सुटल्यावर मी रजिस्टर त्यांच्यासमोर उघडून ठेवलं. कार्डाची झेरॉक्स ठेवली. हिशोब सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला.

"अगं, मुलं आहेत. गंमत केली असेल."

"मग काकूंना बोलवा, सर. त्यांना सांगा गंमत होती. सगळ्यांना बसवा आणि जसं ते पत्र वाचलंत, तसं हेही मोठ्याने वाचा."

"हा गाळा त्यांचा आहे," सर हळूच म्हणाले. "तू समजून घे. मी तुला चांगला शेरा देतो. कुठे नोकरीला लागायचं असेल तर शब्द टाकतो. तू फक्त सही कर."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी इतक्या गोड आवाजात काहीतरी मागत होतं.

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"सही करणार नाही."

बाहेर आले तेव्हा वंदनाने माझा दंड धरलेला. आम्ही त्याच कॅफेत गेलो. तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. वहीतून केदारचा पासवर्ड उतरवून आणलेला.

"घाल ना त्याच्या नावानं एक. त्याच्या आईला. काय पण लिही."

मी त्याचा पत्ता टाइप केला. पासवर्डच्या चौकोनात कर्सर उघडमीट करत होता. काय लिहायचं, ते सगळं डोक्यात तयार होतं. शिव्या तयार होत्या. त्याच्या आईचा तो शांत आवाज कसा फुटेल, तेसुद्धा दिसलं. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं.

पण मग त्यातला शब्द न् शब्द माझा असता आणि खाली नाव त्याचं. तो जे करून मान खाली घालून बसलेला, तेच करून मीही मान खाली घालून बसले असते. मला मान खाली घालायची नव्हती. चिठ्ठी फाडली. वंदना चिडली. "तू लय साधी हायस," म्हणाली.

माझ्या स्वतःच्या खात्यात गेले. त्याच वीस पत्त्यांवर पत्र लिहिलं. एकही शिवी नाही. दोन वेळा वाचून मगच पाठवलं.

"माझ्या नावाने आलेलं पत्र माझं नाही. ते मंगळवारी सकाळी अकरा पस्तीसला क्लासच्या मशीनवरून गेलं. मी त्या वेळी कामावर होते, कार्ड आहे. मशीनवर कोण होतं ते रजिस्टरच्या त्या पानावर आहे, ज्याला बघायचं त्याने बघावं. तुमचे सगळ्यांचे पासवर्ड वहीत उघडे आहेत. आजच बदला. आणि त्या दिवशी जे हसले त्यांना एक विचारते, नक्की कशाला हसलात?"

खाली माझं पूर्ण नाव. आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी दोन मुली माझ्या आधी येऊन वहीतली आपापली ओळ खोडत बसलेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. रजिस्टरचं ते पान नव्हतं, फाडलेलं. केदार आला नाही. पुढे आठवड्याने आला, दुसऱ्या बॅचला. माफी त्याने तेव्हा मागितली नाही, नंतरही नाही. अनोळखी पत्त्यावरून मला एक पत्र आलं, आईबहिणीवरून, जातीवरून. उत्तर दिलं नाही. प्रिंट काढली, तारीख घातली, ठेवून दिली.

सरांनी दारातच अडवलं. "तुझा कोर्स इथे संपला. सर्टिफिकेट मिळणार नाही."

"लेखी द्या," मी म्हणाले. "कारण लिहा, खाली सही करा."

दिलं नाही. वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कारखान्यातली लेबलं मी आणखी दोन वर्षं लावली. कॉम्प्युटर पुढे कल्याणला दुसरीकडे शिकले, उशिरा.

तेव्हापासून मी संशयी आहे. लोक म्हणतात, तुझा कोणावर विश्वासच नाही. नाही. आपलेपणाने कोणी माझी माहिती मागितली की मी विचारते, कशाला हवी? कुठे ठेवणार? कोण बघणार? समोरचा चिडतो. चिडू दे. मी लिहीन ते माझ्या नावाने लिहीन, आणि तोंडावर बोलता येईल तेवढंच लिहीन. आणि जे मी लिहिलं नाही, त्याच्याखाली माझी सही कोणालाही मिळणार नाही. सरांना नाही, काकूंना नाही. वडिलांनी हात जोडले तरी नाही.