क्लचमावशी आणि चौकातला सिग्नल

आमच्या गावच्या मुख्य चौकातला सिग्नल लाल झाला की लालच राहतो, आणि हिरवा झालाच तर डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो. पुढच्या दोन गाड्या सुटतात, बाकीचे हॉर्न बडवत बसतात.

याच चौकात क्लचमावशी लोकांना मोटार शिकवतात. त्यांचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर आहे, पण ती कुणी वाचत नाही. पायाशी जादा क्लच आणि ब्रेक, मांडीवर खाऱ्या दाण्यांची पुडी. लाल लागला की इंजिन बंद करायला लावतात आणि दाणे पुढे करतात.

माझी मेहुणी वाचनालयात काम करते. फिरत्या वाचनालयाची गाडी चालवणारे गृहस्थ निवृत्त होणार होते आणि ती गाडी आपल्याला मिळावी, हा तिचा ध्यास. पण लायसन्सच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा याच चौकात. हिरवा दिसला की घाबरून क्लच सोडायची आणि गाडी बंद पडायची. या खेपेला जमलं नाही, तर गाडी दुसऱ्या कुणाकडे जाणार होती.

"मावशी, तो हिरवा मला बघून पळतो हो!"

"पळू दे की. रुसलेल्या नवऱ्यासारखा आहे तो. मागे लागलं की जास्त पळतो, लक्ष नाही दिलं की आपसूक येतो." मग मागच्या सीटवर बसलेल्या माझ्याकडे वळून, "तुम्हाला नाही म्हटलं, जावईबापू!"

परीक्षेच्या दिवशी मी आणि मावशी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर उभे होतो. मेहुणीची गाडी रांगेत तिसरी, शेजारी कपाळाला आठ्या घातलेले परीक्षक. हिरवा लागला, पुढच्या दोन्ही सुटल्या, ही रेषेपाशी पोचते तोच पुन्हा लाल. तिने शांतपणे गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, झोपलात काय?"

मेहुणीने खिडकीतून डोकं काढलं. "पुढच्या हिरव्याला जाऊ, दादा!" आणि सवयीने दाण्यांची पुडी काढून परीक्षकांपुढे धरली.

मावशींनी कपाळाला हात लावला. "मेली! शिकवणीची सवय तिथेही!"

परीक्षकांनी पुडीकडे पाहिलं, मेहुणीकडे पाहिलं, आणि चांगली मूठभर घेतली. पुढच्या हिरव्याला गाडी अलगद निघाली.

परत आल्यावर हाताला लागलेलं मीठ झटकत ते म्हणाले, "पास. या चौकात माझं डोकं न दुखवता मला नेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मावशींनी मेहुणीला भर रस्त्यात मिठी मारली आणि उरलेली पुडी मला देऊन टाकली.

परवा फिरतं वाचनालय त्याच लालला अडकलं होतं, शेजारी मावशींची शिकवणीची गाडी. मेहुणीने खिडकीतून कादंबरी दिली, मावशींनी दाणे दिले. तेवढ्यात हिरवा येऊन गेलासुद्धा. मागून हॉर्नचा एकच गदारोळ उठला.

दोघी एका सुरात ओरडल्या, "पुढच्या हिरव्याला!"